वाहन घराचे की घरातील एकाचे?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी पहिली सरकारी प्रवासी गाडी धावली, तिच्यापासून आजच्या एसटी महामंडळाचा इतिहास मोजला जातो, आणि या घटनेचा नगर जिल्ह्यातील माणसांना वाटणारा अभिमान सर्वथा यथार्थ आहे. तथापि त्या दिवसाचे महत्त्व स्थानिक अभिमानापुरते मर्यादित नाही. ज्याच्या दारी घोडा नाही, टांगा नाही आणि मोटार बाळगण्याची ऐपत पुढच्या पिढीतही येईल असा भरवसा नाही, अशा सामान्य इसमालाही ठरलेल्या वेळी व ठरलेल्या दरात तालुक्याच्या कचेरीपर्यंत किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचता आले पाहिजे, आणि ती तजवीज करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे एक वचन त्या दिवशी समाजाला दिले गेले. खाजगी वाहनाच्या निवडीचा विचार मी या वचनापासून आरंभतो, कारण माझ्या मते स्वतःचे वाहन विकत घेण्याची निकड बहुधा या वचनात पडलेल्या तुटीतूनच उत्पन्न होते. आणि ही तूट घरातल्या कोणाकोणाला सोसावी लागते हे पाहिल्यावाचून, कोणते वाहन स्वस्त आणि कोणते महाग, याचा निर्णय करताच येत नाही.

नगर जिल्ह्यातील नेवासा तालुका या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. प्रवरेच्या तीरावरील नेवासा हे गाव ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला वंद्य आहे, आणि १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे केलेल्या उत्खननाने या नदीकाठच्या मानवी वस्तीचा धागा अश्मयुगापर्यंत नेऊन भिडविला. परंतु इतक्या प्राचीन वस्तीच्या वाट्याला लोहमार्ग मात्र कधीच आला नाही. आगगाडी धरायची तर श्रीरामपूर गाठावे लागते, नाहीतर नगर. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता गावाला वळसा घालून नेवासा फाट्यावरून निघून जातो. फाट्यापासून नगर आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही शहरे साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर, म्हणजे रोज जाऊन येण्यास दूर आणि कायमचे स्थलांतर करण्यास जवळ, अशा अडचणीच्या अंतरावर आहेत. मुळा धरणाच्या कालव्याने आणि जायकवाडीच्या फुगवट्याने या तालुक्यात ऊस आणला, उसाने सोनई आणि भेंडे येथील सहकारी साखर कारखाने आणले, आणि कारखान्यांनी पैसा आणला; पण वस्ती गावठाणात न राहता शेतोशेती पांगली. ज्या घराचा दरवाजा डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आत मळ्यात आहे, त्याच्या दृष्टीने एसटीचा थांबा हाही एक प्रवासच असतो. अशा घराला वाहन नको असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल, आणि तसे मी म्हणत नाही.

कोरोनाच्या टाळेबंदीने एसटी थांबली, आणि ती सावरते न सावरते तोच २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कर्मचाऱ्यांचा संप सुरू होऊन तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या कर्मचाऱ्यांच्या मागण्यांविषयी मला सहानुभूती आहे. परंतु या दीर्घ खंडात ग्रामीण कुटुंबांच्या मनात एक गोष्ट कायमची ठसली, ती अशी की, गाडी येईल या भरवशावर नोकरी, शिक्षण वा औषधोपचार यांची आखणी करता येत नाही. त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे वाहन पाहिले. म्हणजे जो खर्च पूर्वी समाज सामुदायिकपणे उचलत होता, तोच आता प्रत्येक घराने स्वतंत्रपणे, कर्ज काढून, उचलावयाचा असा हा व्यवहार झाला. आणि कोणत्याही कायदेमंडळाने मंजूर न केलेला हा एक करच होय, असे मी समजतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. आजच्या बाजारात मध्यम शेतकऱ्यापुढे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडील वाळूजच्या कारखान्यात रोज पाळीला जाणाऱ्या तरुणापुढे जो पेच असतो तो मोठा विलक्षण आहे. शंभर सीसीची नवी कोरी मोटारसायकल जितक्या रकमेत येते, साधारण तितक्याच रकमेत दहा-बारा वर्षे वापरलेली लहान मोटार मिळते. एकीकडे दोन चाके, दुसरीकडे चार. एकीकडे ऊन, पाऊस, धूळ आणि कारखान्यांच्या हंगामातील उसाच्या ट्रॉल्यांमधून काढावी लागणारी वाट, दुसरीकडे डोक्यावर छप्पर आणि सोयऱ्याधायऱ्यांत वाढणारी प्रतिष्ठा. किंमत समान असेल तर शहाणा माणूस मोटारच घेईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु किंमत ही वाहनावर होणाऱ्या खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो, आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

थोडे गणित मांडून पाहू. एखादा मनुष्य दिवसाला ४० किलोमीटर, वर्षातून ३०० दिवस, म्हणजे एकूण १२,००० किलोमीटर फिरतो असे धरले आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये मानला, तर लिटरला ६० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलीला २०० लिटर पेट्रोल, अर्थात २१,००० रुपये लागतील. लिटरला १६ किलोमीटर जाणाऱ्या जुन्या मोटारीला ७५० लिटर, अर्थात ७८,७५० रुपये लागतील. दोहोंमधील वार्षिक अंतर ५७,७५० रुपयांचे आहे, म्हणजे दोन वर्षांत मोटारीची मूळ किंमत नुसत्या पेट्रोलच्या फरकात पुन्हा एकदा दिली जाते. त्यात तृतीय पक्षाचा विमा घ्या: २०२२ पासूनच्या दराने पंच्याहत्तर ते दीडशे सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, तर हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला २,०९४ रुपये. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण आले. त्याचे केंद्रीय शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १,००० आणि मोटारीला ५,००० रुपये झाले, आणि राज्याचा पर्यावरण कर त्याखेरीज. दोन टायर आणि चार टायर, शंभर सीसीच्या मोटारसायकलीचे इंजिनकाम आणि मोटारीचे इंजिनकाम, यांतील तफावत तर ज्याने एकदा गॅरेजचे बिल भरले आहे त्याला वेगळी सांगावयास नको. म्हणून माझे मत असे की, रोजच्या कामासाठी, एकट्या-दुकट्याने, साठ किलोमीटरच्या आत जाणाऱ्या माणसाने जुनी मोटार घेणे हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट तोटा आहे, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

परंतु अर्थशास्त्रापुढे एक फार गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांची संख्या त्या एका वर्षात ५०,०२९ होती, आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. एक लाखाची मोटार देण्याचा संकल्प रतन टाटा यांनी केला तो, पावसात एका स्कूटरवर बसून जाणारे अख्खे कुटुंब पाहून, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. २००९ मध्ये ती नॅनो रस्त्यावर आली आणि दहा वर्षांच्या आत तिचे उत्पादन थांबले. पण ज्या दृश्यातून तिचा जन्म झाला ते दृश्य नेवासा फाट्यावर आजही दर लग्नसराईत दिसते. टाकीवर मोठे मूल, मागे पत्नी, तिच्या मांडीवर तान्हे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालकामागे एकच माणूस बसू शकतो, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमाने चार वर्षांच्या आतील मुलाला हेल्मेट व चालकाशी जखडणारा पट्टा आवश्यक केला आहे. परंतु नियम माहीत नसल्यामुळे हे घडते असे नाही. त्या कुटुंबाजवळ दुसरा मार्ग त्या क्षणी नसतो म्हणून ते घडते.

तर मग या कुटुंबाने मोटार घ्यावी काय? माझे उत्तर प्रसंगाच्या वारंवारतेवर अवलंबून आहे. लग्न, दहावा, शिंगणापूरचे दर्शन, माहेर, अशा वर्षातून दहा-पंधरा प्रवासांसाठी जर मोटार हवी असेल, तर ती भाड्याने करणे, किंवा सरळ एसटीने जाणे, हेच योग्य होय. दाराशी उभ्या राहणाऱ्या जुन्या मोटारीवर विमा, बॅटरी, टायर आणि गंज यांपायी वर्षभर जो खर्च होतो, त्यात चालकासह गाडी अनेक वेळा करता येते. परंतु ज्या घरात डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यावे लागणारे वडील आहेत, किंवा लहान मुलांना घेऊन आई-वडिलांना रोज एकाच दिशेने जावे लागते, त्या घराने हिशेबाची वही बाजूला ठेवून चारचाकी घ्यावी. तेथे पेट्रोलच्या फरकाशी तुलना माणसाच्या जिवाची असते. हा भेद ओळखता येणे म्हणजेच वाहनाची निवड करता येणे. वर्षातील पंधरा दिवसांसाठी वर्षाचे तीनशे पन्नास दिवस गहाण टाकणे मला मान्य नाही, आणि तीनशे पन्नास दिवसांची गरज पेट्रोलच्या बचतीसाठी नाकारणेही मान्य नाही.

जुने वाहन घ्यावयाचे ठरले की परीक्षेचा प्रश्न येतो. या बाबतीत नेवासा तालुक्यातील माणसाला शहरी माणसाहून अधिक शहाणपण असावयास हवे, कारण त्याच्या वाडवडिलांनी घोडेगावच्या बाजारात जनावरे पारखली आहेत. बैलाचे वय विक्रेत्याच्या तोंडून न ऐकता ते बैलाच्या तोंडात पाहावयाचे, तो दुदाती आहे की चौदाती, की जुळला आहे, हे स्वतः जबडा उघडून ठरवावयाचे, आणि मग त्याला चार पावले चालवून पायाचा दोष शोधावयाचा, ही त्या बाजाराची रीत होती. वाहनाचे दात निराळ्या ठिकाणी असतात, इतकेच. मीटर मागे फिरविता येते. परंतु ब्रेकच्या पायपट्टीचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीची पायपट्टी जर घासून सपाट झाली असेल, तर तो आकडा अमान्य करावा. दाराच्या कडेचे रबर उपसून आतील पत्र्याचे मूळ जोड पाहावेत. तेथे वेल्डिंग हाताने केलेले आढळले किंवा रंगाची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळली नाही, तर त्या गाडीने मोठा अपघात पाहिला आहे असे समजावे. गालिचा उचलून खालचा वास घ्यावा आणि गाळ शोधावा, कारण पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जातात. इंजिन नेहमी थंड असताना, सकाळी, आपल्यासमोर चालू करावयास लावावे. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाने रोग झाकले जातात. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर गाडी ऑइल खाते आहे, आणि तिचे बोअर-पिस्टनचे काम आपल्या माथी येणार आहे. टायर एकाच कडेने झिजले असतील तर चाकांच्या आखणीत, क्वचित सांगाड्यातच, दोष आहे. आणि हे सर्व स्वतःला समजत नसेल तर गावातल्या विश्वासू मेस्त्रीला एक दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावे. या मजुरीइतकी फलदायी रक्कम त्या साऱ्या व्यवहारात दुसरी नाही.

दुचाकीच्या बाबतीत आणखी एक सूचना कराविशी वाटते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानक आले आणि शंभर सीसीच्या साध्या गाडीतही कार्ब्युरेटरच्या जागी इंधन अंतःक्षेपणाची विद्युत यंत्रणा बसली. ती अधिक स्वच्छ आहे यात शंका नाही. परंतु ती बिघडली की मळ्यातल्या मेस्त्रीच्या पान्याला दाद देत नाही, तिला तपासणीचे यंत्र असलेली कार्यशाळाच लागते. दुसरीकडे १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागू करणारी पद्धत अनिवार्य झाली. म्हणजे या दोन तारखांच्या मधल्या एका वर्षात तयार झालेल्या गाड्यांत सुधारलेला ब्रेक आणि गावात दुरुस्त होणारे इंजिन, हे दोन्ही एकत्र सापडतात. जुनी मोटारसायकल शोधणाऱ्याने त्या वर्षातली गाडी आवर्जून शोधावी. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील आणि लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला असल्यामुळे, त्यापूर्वीच्या भावाच्या आठवणीवर कोणी जुन्या गाडीचा सौदा करू नये. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरली पाहिजे.

यंत्राहून अधिक धोका कागदांत असतो. गुंठाभर जमीन घेताना आमचा शेतकरी सातबारा पाहतो, फेरफार तपासतो, सोसायटीचा बोजा आहे काय हे तलाठ्याकडे जाऊन विचारतो. परंतु लाखाचे वाहन घेताना तोच मनुष्य कोऱ्या टीटी (हस्तांतराच्या) फॉर्मवर सही घेऊन समाधान पावतो आणि गाडी मूळ मालकाच्या नावावर तशीच वर्षानुवर्षे फिरवितो. ही केवळ हलगर्जी नव्हे, हा उभयपक्षी अनर्थ आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये असा निवाडा दिला की, वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून गेले असले तरी, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि अपघाताच्या नुकसानभरपाईचे दायित्व त्याच्यावर राहते. म्हणजे दुचाकी विकून पैसे खर्च केलेल्या एखाद्या वृद्धाला, त्याने कधी न पाहिलेल्या इसमाने केलेल्या अपघाताबद्दल, लाखोंची नोटीस येऊ शकते. घेणाराही सुरक्षित नाही. मालक-चालकाला विम्यात मिळणारे १५ लाखांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकासाठी असते. नाव नसलेल्याच्या विधवेला ते मागता येत नाही. म्हणून २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरून, बोजा असल्यास ३५ क्रमांकाच्या फॉर्मने तो उतरवून, नगर किंवा श्रीरामपूर, ज्या परिवहन कार्यालयाकडे नोंद असेल तेथून हस्तांतर पुरे होईपर्यंत रकमेचा काही भाग हातात राखून ठेवावा. थकलेली ई-चलने आधी भरून घ्यावीत. दिल्ली पासिंगच्या मोटारींविषयी तर विशेष सावध राहावे. तेथे डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा न्यायालयीन आदेशांनी घातली गेल्यामुळे त्या गाड्या पडत्या भावात इकडे येतात. परंतु ना-हरकत दाखला, येथील पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर यांची बेरीज केल्यावर तो पडता भाव पुष्कळदा पडता राहत नाही.

कर्जाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ऊसबिल हप्त्यांनी येते, कांद्याचा भाव लिलावाच्या दिवशी ठरतो, आणि वाहनाचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हवा असतो. शेतीच्या अनियमित उत्पन्नाला नियमित देण्याची ही जी जोड दिली जाते, तिच्यातच जप्तीचे बीज आहे. त्यात ‘फ्लॅट’ व्याजाची फसवणूक. ७०,००० रुपये तीन वर्षांसाठी बारा टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज २५,२०० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे २,६४४ रुपये होतो. मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज मात्र अखेरपर्यंत मूळच्या पूर्ण रकमेवर आकारले गेल्यामुळे खरा वार्षिक दर एकवीस टक्क्यांवर जातो, आणि हे कर्जदाराला कोणी सांगत नाही. माझे स्पष्ट मत आहे की, शेतकरी कुटुंबाने दुचाकी कर्जाने घेऊ नये. एका हंगामाच्या शिलकेत जितकी बसेल तितकीच, जुनी असली तरी, रोखीने घ्यावी. आणि मुलीच्या बापाकडून लग्नात मागून घेतलेली गाडी? १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही तो अपराधच ठरला असता. दुसऱ्याच्या जमिनीचा तुकडा विकून आलेल्या चाकांवर बसून जो जावई सासुरवाडीस येतो, त्याच्या वाहनाइतके महाग वाहन या जिल्ह्यात दुसरे नसेल.

येथवर मी वाहन ‘त्याचे’ असे धरून बोलत आलो, कारण बाजार तसेच धरतो. परंतु मूळ प्रश्न येथेच आहे. सकाळी सातला मोटारसायकल घेऊन घरधनी वाळूजला किंवा कारखान्यावर गेला, की ती मोटारसायकल दिवसभर तेथे उभी राहते, आणि मळ्यातील घर पुन्हा वाहनहीन होते. अंगणवाडीत जाणारी सून, बचत गटाच्या बैठकीला जाणारी सासू, नेवाशाच्या महाविद्यालयात जाणारी मुलगी, आजारी लेकराला दवाखान्यात नेऊ पाहणारी आई, या साऱ्यांसाठी ते वाहन नसल्यातच जमा असते. ज्या खरेदीसाठी घराने एका हंगामाची शिल्लक ओतली, तिचा लाभ पाचांपैकी एकालाच होत असेल, तर तिला स्वस्त म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. वाहनाचा खर्च घरातील किती माणसांना रोज वापरता येतो या संख्येने भागून पाहावा, असे मी सुचवितो. आणि असा भाग दिला की शंभर सीसीची मोटारसायकल, जी पेट्रोलच्या हिशेबात सहज पहिली आली, ती कित्येक घरांत मागे पडते.

या कसोटीला उतरणारे एक वाहन याच जिल्ह्याच्या परिचयाचे होते, याचे स्मरण देणे अगत्याचे आहे. मुंबई विधानसभेचे सभापती राहिलेले कुंदनमल फिरोदिया हे नगरचे. त्यांचे चिरंजीव हस्तीमल फिरोदिया यांच्या किनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये ‘लुना’ काढली, आणि त्या कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला. त्याच वर्षी बजाजची ‘चेतक’ आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून तिष्ठत राहिले, तिची कीर्ती मोठी झाली. परंतु पन्नास सीसीची, गिअर नसलेली, पेट्रोल संपले तर पायडल मारून घरी आणता येणारी लुना जे करू शकली ते चेतकला साधले नाही. शिक्षिका, परिचारिका, निवृत्त कारकून आणि महाविद्यालयीन मुलगी यांना प्रथमच कोणाच्या मागे न बसता रस्त्यावर येता आले. १९८५ मध्ये चार-स्ट्रोकची हिरो होंडा सीडी-१०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि कमी पेट्रोलच्या मोहाने सारा ग्रामीण महाराष्ट्र गिअरच्या मोटारसायकलीकडे वळला. इंधन वाचले हे खरे. पण वाहन पुन्हा पुरुषाच्या हाती गेले, आणि या बदलाची नोंद कोणी घेतली नाही. आज गिअर नसलेली स्कूटर लिटरमागे दहा-पंधरा किलोमीटर कमी जाते म्हणून खेड्यात नाकारली जाते. वर दिलेल्या हिशेबाने हा फरक वर्षाला चार ते सात हजारांचा आहे. मुलीचे शिक्षण चालू राहणे आणि सुनेची नोकरी टिकणे यांच्यासमोर ही रक्कम मला क्षुल्लक वाटते. दुधाचे कॅन आणि चाऱ्याचे भारे वाहणारी टीव्हीएसची एक्सएल ही तर लुनेचीच वंशज म्हणावी अशी. तिला गावात ‘गरिबाची गाडी’ म्हणून जो कमीपणा दिला जातो तो तिच्या उपयुक्ततेशी सर्वथा विसंगत आहे.

२०२४ मध्ये लुना विजेवर परत आली आहे. घरगुती वीज रात्री मिळत असेल आणि रोजचा फेरा तीस-चाळीस किलोमीटरच्या आत असेल, तर विजेच्या दुचाकीचा विचार नेवाशातील घराने अवश्य करावा. मात्र ताशी २५ किलोमीटरहून अधिक न धावणाऱ्या ज्या अल्पशक्तीच्या गाड्यांना नोंदणी व परवाना लागत नाही, त्या मळा ते गावठाण एवढ्यापुरत्याच ठेवाव्यात. फाट्यावरच्या हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मालमोटारीपुढे त्यांचा निभाव लागणार नाही.

स्त्रियांच्या प्रवासासाठी राज्याने काही केले नाही असे नव्हे. ज्या अहिल्याबाईंचे नाव आता या जिल्ह्याला मिळाले आहे, त्यांच्याच नावाच्या योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना एसटीचा पास विनामूल्य मिळतो, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एसटीचे तिकीट निम्मे झाले. या दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु निम्म्या तिकिटाचा उपयोग गाडी आली तरच होतो, आणि मोफत पासाचा उपयोग गाडी शाळेच्या वेळेस आली तरच होतो. म्हणून वाहन घेतले तरी एसटीचा आग्रह सोडू नये. ग्रामसभेत सकाळच्या व संध्याकाळच्या फेरीची मागणी ठरावाने करून तो आगारप्रमुखाकडे पाठवावा. ज्याच्या दारी गाडी आहे त्याने तर अधिक जोराने मागावी, कारण त्याच्या घरातही तिच्यावाचून अडून राहणारे कोणीतरी असतेच.

या हंगामाच्या बिलात वाहन घेण्याचा ज्यांचा बेत असेल, त्यांना माझी विनंती अशी आहे की, शोरूमची किंवा जुन्या गाड्यांच्या आवाराची पायरी चढण्यापूर्वी घरातील सुनेचा, मुलीचा किंवा पत्नीचा शिकाऊ परवाना काढून घ्यावा, गाडीच्या पसंतीत तिचा पाय जमिनीला टेकतो की नाही हे पाहावे, आणि हेल्मेटे दोन घ्यावीत. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याच्या चाचणीस बसता येते.